जुने स्पीकर, नवा कॉम्प्युटर आणि रोज सकाळी जाणारा आवाज

बाबांच्या टेबलावरचे स्पीकर २००४ सालचे. टू पॉइंट वन सेट आहे: टेबलाखाली पायाशी लाकडी खोका, वर मॉनिटरच्या दोन बाजूंना दोन पिल्लं. या सेटने आजवर तीन कॉम्प्युटर पाहिले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या मशीनवर ११ चढेना, म्हणून चौथा आला. जेवणाच्या डब्याएवढा मिनी पीसी आणि एचडीएमआयने जोडलेला नवा मॉनिटर. मी स्पीकरची पिन लावली, एक अभंग वाजवून दाखवला, जेवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन.

"अरे, स्पीकर गेले बघ. नवे घेऊन टाकू का?"

"बाबा, तुम्ही काही घेऊ नका. मी संध्याकाळी येतो."

स्पीकर गेले नव्हते. त्या आठवड्यात ते असे चार वेळा 'गेले' आणि चारही वेळा मी काहीतरी क्लिक केल्यावर परत आले. पाचव्यांदा बसून नीट छडा लावला. मग सोसायटीत बोभाटा झाला आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका, समोरच्या विंगमधल्या मावशी, अशी गिऱ्हाइकं वाढत गेली. आता एवढे सेट हाताखालून गेल्यावर सांगतो: नव्या कॉम्प्युटरला जोडल्यावर गप्प झालेला जुना स्पीकर सहसा बिघडलेला नसतो. आवाज वाटेत कुठेतरी अडलेला असतो. तो कुठे अडलाय ते शोधायचं, एवढंच काम. पण शोधायचा क्रम चुकला की माणूस ड्रायव्हर, फॉरमॅट आणि शेवटी भंगारवाला, या रस्त्याला लागतो.

आधी मोबाईल

हेडफोनचं भोक असलेला एखादा जुना मोबाईल काढा. नसेल तर टीव्हीचं हेडफोन सॉकेट चालेल, एफएम रेडिओ चालेल. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून त्यात घाला आणि गाणं लावा. वाजलं, तर स्पीकर, त्याची वायर आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर तिघेही निर्दोष. सरळ 'रोज सकाळी' या भागाकडे जा.

मोबाईलही नसेल तर जुन्या मेकॅनिकांची बोटाची युक्ती आहे. स्पीकर चालू, आवाज मध्यावर, आणि मोकळ्या पिनच्या टोकाला बोट लावायचं. 'घुर्र' असा आवाज आला की आतला अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे. पिनच्या टोकानंतरच्या पहिल्या पट्टीवर बोट सरकवलं की दुसऱ्या बाजूचा स्पीकर घुरघुरतो. दोन्ही बाजू तपासून होतात, खर्च शून्य. (ही युक्ती आवाजाच्या पिनवरच. पॉवरच्या वायरशी असले खेळ नकोत.)

मोबाईलवरही वाजला नाही, तर दोष स्पीकरकडे. तरीही खोलायच्या आधी एक जागा बघा, कारण ती कोणीच बघत नाही. बऱ्याच जुन्या सेटमध्ये पुढच्या बाजूला, नॉबच्या खाली, हेडफोन लावायचं भोक असतं. त्यात हेडफोन घातला की मोठे स्पीकर बंद होतात. हे काम आतली एक पितळेची छोटी पट्टी करते: पिन आत गेली की ती उचलली जाते आणि स्पीकरचा मार्ग तुटतो. ते भोक दहा वर्षं कोणी वापरलं नाही की पट्टीवर गंज चढतो, आणि पिन नसतानाही मार्ग तुटलेला राहतो. एक स्पीकर बंद, एक चालू, किंवा आवाज नुसता खोल विहिरीतून आल्यासारखा. उपाय: हेडफोनची पिन त्या भोकात वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. घासून गंज निघतो. मावशींचा सेट मी एवढ्यावर चालू केला, आणि त्यांना अजून वाटतं की मी काहीतरी मोठं केलं.

नॉब फिरवताना 'खर्रखर्र' येत असेल तर तेच दुखणं नॉबच्या आत आहे. स्पीकर बंद करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेकदा फिरवा. नाहीच गेलं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नावाने मागितला की देतात. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्याच्यावर धूळ बसून वर्षभरात पुन्हा खरखर सुरू होते.

ड्रायव्हर शोधू नका

तिसऱ्या मजल्यावरचे काका दोन दिवस आपल्या स्पीकरच्या मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत होते आणि शोधता शोधता त्यांनी ब्राउझरला तीन नको ती एक्स्टेन्शन चिकटवून घेतली. हिरव्या पिनच्या साध्या स्पीकरला ड्रायव्हर नसतोच. त्या वायरीतून येते ती नुसती वर-खाली होणारी वीज. पलीकडे २००४ चा सेट आहे की कालचा, हे कॉम्प्युटरला कळतही नाही. ड्रायव्हर लागतो तो कॉम्प्युटरमधल्या साउंड चिपला, आणि तो विंडोज अपडेटमधून किंवा मदरबोर्ड-लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्यायचा. 'ऑल ड्रायव्हर फ्री' वगैरे जिथे लिहिलंय तिथे पाऊल ठेवू नका.

रोज सकाळी

आता बाबांचं दुखणं. नव्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं हेच.

पूर्वी मॉनिटरला निळ्या व्हीजीएच्या वायरीने नुसतं चित्र जायचं. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून आवाजही जातो. त्यामुळे मॉनिटर जोडला की विंडोजच्या लेखी तोही एक 'स्पीकर' होतो. आणि गंमत म्हणजे मॉनिटरला स्वतःचा स्पीकर नसला तरी! मागे हेडफोनचं एक भोक दिलेलं असतं, तेवढ्या जोरावर तो 'मी आवाज काढू शकतो' असं कळवतो. विंडोज विश्वास ठेवतं आणि आवाज तिकडे पाठवतं. गाणं चालू असतं, स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकत असते, आवाज मॉनिटरच्या रिकाम्या भोकात जात असतो.

दुरुस्ती सोपी वाटते. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करायचं, तिथून आउटपुट बदलायचं. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबली तर थेट ती यादी येते. यादीत मॉनिटरच्या मॉडेलचं नाव किंवा 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ', 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' असं काही निवडलेलं असेल, तर ते सोडून 'स्पीकर्स' किंवा 'हेडफोन्स' घ्या, ज्याच्या कंसात बहुधा 'रिअलटेक', म्हणजे साउंड चिपच्या कंपनीचं नाव असतं. 'रिअलटेक डिजिटल आउटपुट' मात्र घेऊ नका. तो ऑप्टिकलच्या, म्हणजे प्रकाशाने आवाज नेणाऱ्या वायरीसाठी आहे, हिरव्या पिनमधून त्याचा आवाज येणार नाही.

मी हेच चार वेळा केलं होतं. मग पाचव्यांदा का गेलं?

कारण बाबा रात्री मॉनिटरचं बटण बंद करतात. मॉनिटर बंद झाला की त्याचं साउंड डिव्हाइस यादीतून नाहीसं होतं. सकाळी मॉनिटर लावला की ते नव्याने हजर होतं, आणि नव्याने हजर झालेल्याच्या हातात विंडोज कधी कधी सगळा कारभार देऊन टाकतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला तरी तेच. म्हणजे 'स्पीकर निवडणे' हा त्या दिवसापुरता उतारा आहे. कायमचं करायचं तर मॉनिटरला आवाजाच्या यादीतून हाकलावं लागतं.

ते असं: सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग साउंड. खाली 'ऑल साउंड डिव्हायसेस'. तिथे मॉनिटरच्या नावावर क्लिक केलं की वर 'डोन्ट अलाव' असं बटण दिसतं. ते दाबा. जुन्या पद्धतीची सवय असेल तर साउंडच्या पानावर अगदी तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. त्यातून उघडणारी ती जुनी छोटी चौकट, प्लेबॅकचा टॅब, मॉनिटरवर राइट क्लिक, डिसेबल. दोन्हींचा परिणाम एकच. बाबांकडे हे केल्यापासून सव्वासहाचा फोन बंद झाला आहे. आता सातला येतो, पण तो वेगळ्या विषयावर असतो.

इतकं करूनही फक्त एकाच प्रोग्रॅमचा आवाज येत नसेल तर साउंडच्याच पानावर 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं आउटपुट लावता येतं आणि कधीतरी चुकून लावलेलं तसंच राहतं. तळाशी रीसेटचं बटण आहे.

मॅकवर सिस्टम सेटिंग्ज, साउंड, आउटपुट. मॅकच्या कीबोर्डवरून आवाज कमी-जास्त होत नसेल तर समजा आवाज एचडीएमआयने मॉनिटरला चाललाय. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून 'ऑटो-म्यूट मोड' बघावा. तो चालू असला आणि पुढे हेडफोन खुपसलेला असला की मागचे स्पीकर गप्प.

आणि एक उलटा मार्ग, जो मला बराच उशिरा सुचला: मॉनिटरच्या त्या रिकाम्या भोकातच स्पीकरची पिन घाला! विंडोजला मॉनिटरला आवाज द्यायचाय ना, देऊ दे. ज्या लॅपटॉपला हेडफोनचं भोकच नाही, त्याच्यासाठी तर हा फुकटातला तोडगा आहे. फक्त मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत व्हॉल्यूम वेगळा असतो, तो शून्यावर नाही ना ते बघा.

कुठल्या भोकात

जुन्या कॉम्प्युटरला मागे हिरवं, गुलाबी, निळं अशी भोकं असायची. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीतून ते रंग आले: हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, फिकट निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. म्हणूनच तुमच्या जुन्या सेटची पिन हिरवी आहे. नव्या कित्येक मदरबोर्डवर सगळी भोकं काळी असतात, शेजारी पत्र्यावर मुंगीएवढं चिन्ह कोरलेलं. टॉर्च लावून वाचा. टेबलामागे हात घालून अंदाजाने खुपसलेली पिन माइकच्या भोकात जाणारच.

लॅपटॉपला एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक दोन्हींचं. त्यात जुन्या सेटची दोन काळ्या रेघांची पिन बिनदिक्कत चालते. पिन घातल्यावर काही लॅपटॉप विचारतात, 'काय लावलंत?' घाईत माइक निवडला गेला की शांतता. पिन काढून पुन्हा घाला आणि या वेळी हेडफोन किंवा स्पीकर निवडा.

असेंबल करून घेतलेल्या कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात आवाज नसेल आणि मागच्यात असेल, तर कॅबिनेटच्या आतली एक वायर मदरबोर्डला लावायची राहिलेली असते. तिच्या टोकाला काळी चपटी क्लिप असते आणि तिच्यावर 'एचडी ऑडिओ' छापलेलं असतं. मला एका ठिकाणी ती वायर प्लॅस्टिकच्या पट्टीने नीट बांधून कोपऱ्यात ठेवलेली सापडली. तीन वर्षं घरच्यांची समजूत, की पुढचं भोक शोभेचं आहे.

जुनं कॅबिनेट ठेवून आत नवा मदरबोर्ड बसवला असेल तर आणखी एक भानगड होते. फार जुन्या कॅबिनेटची क्लिप 'एसी ९७' पद्धतीची असते. तिच्यात पिन आत आल्याचं मदरबोर्डला कळवायची सोयच नाही. रिअलटेकच्या ऑडिओ कन्सोलमध्ये 'फ्रंट पॅनल जॅक डिटेक्शन' बंद करायचा पर्याय असला तर तो बंद करा. नाहीतर मागचं भोक वापरा आणि पुढचं विसरून जा. मी दुसरा मार्ग घेतो.

गायिका गायब

हा प्रकार एकदा अनुभवला की माणूस विसरत नाही. मावशींचा दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यांचं वाक्य असं: "अरे, तबला आहे, व्हायोलिन आहे, पण बाईच गात नाहीये."

मी जाऊन ऐकलं. खरंच. तबला वाजतोय, मागचे व्हायोलिन दोन्ही बाजूंनी येतायत, आणि गायिका जणू भिंतीपलीकडच्या खोलीत. कुठलंही सेटिंग बदललं तरी तेच.

सेटिंगचा संबंध नव्हता. पिनवर तीन भाग असतात: टोक डाव्या स्पीकरचं, मधली पट्टी उजव्याचं, आणि मुळाशी असलेला भाग दोघांचा सामाईक परतीचा मार्ग. तो सामाईक भाग सुटला की डावं आणि उजवं एकमेकांतून वजा होतं. गाण्यात गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना अगदी सारखा भरलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केल्यावर काय उरणार? वाद्यं बाजूला सरकवून भरलेली असतात म्हणून ती वाचतात. कराओकेसाठी लोक मुद्दाम जे करतात, ते मावशींच्या घरी आपोआप झालं होतं.

कारण सापडलं नव्या वायरीत. स्पीकरची मूळ वायर तुटली म्हणून त्यांनी मोबाईलच्या दुकानातून एक 'ऑक्स केबल' आणली होती, आणि तिच्या पिनवर दोनऐवजी तीन काळ्या रेघा होत्या. तीन रेघा म्हणजे चार भाग, चौथा माइकसाठी. हल्लीच्या मांडणीत मुळाशी माइक असतो आणि सामाईक भाग त्याच्या पुढे. स्पीकरचं जुनं भोक मात्र मुळाशीच सामाईक शोधणार. त्याच्या हाती माइकचा तार लागला. दोन रेघांची केबल आणली आणि बाई गायला लागल्या.

दुकानात केबल घेताना काळ्या रेघा मोजा. स्पीकरसाठी दोन.

हेच लक्षण पिन अर्धवट घुसल्यावरही येतं. नव्या मोबाईलसाठी घातलेल्या जाड कव्हरमुळे, लॅपटॉपच्या तिरक्या कडेमुळे, पिनच्या मुठीच्या जाडीमुळे ती एक मिलिमीटर बाहेर राहते. 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा. पिन गोल फिरवल्यावर आवाज येत-जात असेल तर पिनच्या मुळाशी तार तुटलीय. सोल्डरिंग येणाऱ्या कोणाकडूनही नवी पिन लावून घ्या, त्यासाठी सेट टाकायचं काहीच कारण नाही.

घरघर

जुना कॉम्प्युटर होता तेव्हा शांत असलेले स्पीकर नव्याला लावल्यावर घरघरायला लागले, ही दुसऱ्या क्रमांकाची तक्रार. इथे लोक लगेच स्पीकरला म्हातारा ठरवतात. थांबा. तीन गोष्टी करून बघा, याच क्रमाने.

पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि मोकळी सोडण्याऐवजी वायरच सेटच्या मागून काढून टाका. सेटला आता काहीच जोडलेलं नाही. नॉब शून्यावर. तरीही घरघर आहे? मग दोष सेटच्या पोटात आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ती सरळ करताना १०० हर्ट्झची लाट उरते आणि तिला शांत करायचं काम मोठ्या कॅपॅसिटरचं. वीस वर्षांनी तो आतून सुकतो. वरचं टोपण फुगलेलं दिसलं तर नक्कीच. सुटा भाग स्वस्त आहे, पण खोका उघडल्यावर आत २३० व्होल्ट आहेत, आणि विजेची वायर काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते. सवय नसेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे न्या. ही जमात अजून शिल्लक आहे, आणि जुना ट्रान्सफॉर्मरवाला सेट बघून ती खूश होते.

वायर काढल्यावर घरघर गेली? मग वायर परत जोडा आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. चार्जर काढताक्षणी शांत झालं, तर हा अर्थिंगचा घोळ. कॉम्प्युटर एका वाटेने जमिनीला जोडलेला, स्पीकर दुसऱ्या वाटेने (किंवा केबल टीव्हीच्या वायरीमुळे तिसऱ्याच), आणि त्या दोन वाटांमधला फरक आवाजाच्या वायरीतून वाहतो. आधी दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची अंगठ्याएवढी डबी मिळते, गाडीच्या ऑडिओवाल्यांकडे हमखास. ती स्पीकरच्या वायरीत मध्ये लावायची. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, विजेची वाट तुटते. खर्जाचा थोडा बळी जातो, पण अभंगाला चालतं.

आपल्याकडे लोक तिसराच उपाय करतात: चार्जरची जाड पिन कापणे किंवा टू-पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालणे. घरघर जाते खरी. मग लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. त्या जाड पिनशी खेळू नका. उलट झिणझिण्या आधीपासूनच येत असतील, तर घरातल्या त्या पॉइंटला अर्थिंग पोचतच नाही असं समजा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ते काम स्पीकरपेक्षा मोठं आहे.

तिसरा प्रकार: माउस हलवला की 'किर्रर्र', पान सरकवलं की 'च्युंईई'. हा कॉम्प्युटरच्या पोटातला गोंगाट साउंड चिपमध्ये झिरपतोय. मिनी पीसीमध्ये सगळे भाग एकमेकांना खेटून असतात, तिथे ऐकलाय. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड घ्या, दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं. ते कॉम्प्युटरच्या मागे न खुपसता हातभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेंशनवर लोंबतं ठेवलं तर आणखी बरं.

घरघर नसून नुसता बारीक 'स्स्स' असेल तर तो बहुधा तुमच्याच सवयीचा दोष. कॉम्प्युटरवर व्हॉल्यूम २० आणि स्पीकरचा नॉब पूर्ण, असं ठेवलं की स्पीकर त्या क्षीण आवाजासकट सगळी खरखर मोठी करतो. कॉम्प्युटर ८०-९० वर ठेवा आणि रोजचं कमी-जास्त नॉबने करा.

(जुन्या सेटशेजारी मोबाईल ठेवला की फोन यायच्या आधी येणारं ते 'टिट्-टिटिट्-टिटिट्' आठवतं? ते टूजी फोनच्या २१७ हर्ट्झच्या ठोक्यांचं होतं. साधा कीपॅडचा फोन घरात असेल तर अजूनही ऐकू येईल. दुरुस्तीची गरज नाही, फोन हातभर लांब ठेवा.)

भोकच नसेल तर

काही नव्या लॅपटॉपांना हेडफोनचं भोक दिलेलंच नाही. २०२२ चा डेल एक्सपीएस १३ प्लस त्यातलाच. मग टाइप-सीला लावायचा कन्व्हर्टर लागतो, आणि इथे फसगत ठरलेली. दिसायला एकसारखे दोन प्रकार बाजारात आहेत. एकात नुसत्या तारा असतात. तो फक्त काही ठरावीक मोबाईलवर चालतो. दुसऱ्यात डीएसी, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप असते. कॉम्प्युटरला दुसराच लागतो. ओळखायची खूण: कन्व्हर्टर लावल्यावर साउंडच्या यादीत नवं नाव आलं पाहिजे. नाही आलं, तर दुकानात परत.

ब्लूटूथचा रिसीव्हर लावूनही जुना सेट चालतो आणि वायरींचं जंजाळ कमी होतं. पण साध्या वायरीच्या मानाने आवाज थोडा उशिरा येतो. गाण्याला फरक पडत नाही. नातवाला गेम खेळायचा असेल तर तो तक्रार करणार.

फाइव्ह पॉइंट वन वाल्यांसाठी, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा खोका (सबवूफर) असणाऱ्यांसाठी, थोडक्यात. तुमच्या सेटला हिरवी, काळी, नारिंगी अशा तीन पिना आहेत. लॅपटॉपच्या एका भोकातून दोनच बाजूंचा आवाज निघतो, त्यामुळे तिथे यूएसबीचं फाइव्ह पॉइंट वन कार्ड हाच मार्ग. तीन भोकांच्या डेस्कटॉपवर रिअलटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइव्ह पॉइंट वन निवडलं की सहसा निळं भोक मागच्या स्पीकरांचं होतं आणि गुलाबी मधल्या स्पीकरचं व सबवूफरचं. माइक मग पुढे लावायचा. ऑप्टिकल वायरीने करू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिच्यातून साधा आवाज दोनच बाजूंचा जातो. सहा बाजू हव्या तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून पाठवाव्या लागतात.

आणि ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट डेकचे मोठे लाकडी स्पीकर आहेत, मागे लाल-काळ्या चिमट्यांचे, त्यांना पिन लावून लॅपटॉपला जोडलं तर डास गुणगुणल्याएवढा आवाज येईल. त्यांच्यात अ‍ॅम्प्लिफायर नाही, तो डेकमध्ये होता. डेकला ऑक्स इन, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक, असेल तर डेकच वापरा. नसेल तर टीपीए ३११६ चिपचं छोटं अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड घ्या, १२ ते २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतं. एकच काळजी: अशा बोर्डावर डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र जोडू नका. जुन्या डेकमध्ये चालायचं, इथे बोर्ड जळतं. माझं एक जळलं आहे.

अ‍ॅडॉप्टर हरवलेला

घर बदलताना पहिली हरवते ती स्पीकरची जड काळी अ‍ॅडॉप्टरची वीट. मग घरातली दुसरी कुठलीतरी बसणारी पिन लावली जाते. सेटच्या मागचं लेबल वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पण त्यापुढचं अक्षर महत्त्वाचं: कित्येक जुन्या सेटना १२ व्होल्ट डीसी नाही, १२ व्होल्ट एसी लागतं. राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर डीसी देतो. तो लावला की सेट एकतर मुका राहतो किंवा अर्धवट चालतो, आणि दोष पुन्हा नव्या कॉम्प्युटरवर जातो.

समोरच्या विंगमधल्या एका घरी मुलाने न्यू जर्सीहून येताना आपले जुने स्पीकर आणले. सुंदर सेट, ट्रान्सफॉर्मर आतच, मागे लिहिलेलं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं म्हणून तो इथे नुसता पिनचा कन्व्हर्टर लावून चालतो. या सेटला तसं चालणार नव्हतं. मी पोचलो तेव्हा कन्व्हर्टर लावून झाला होता, बटण दाबायचं बाकी होतं. आता खाली एक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ठेवलाय, सेटच्या वॅटपेक्षा दीडपट मोठा. तो स्वतःच थोडा गुणगुणतो. त्याच्याखाली जुन्या माउसपॅडचे चार तुकडे घातले, मग थांबला.